घरजावई प्रोसेसर

आमचे घरमालक कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिला दमवून बघत. छताचा पंखा घ्यायचा होता तेव्हा दुकानदाराला तो लावायला सांगून त्याखाली स्टूल टाकून सबंध दुपार बसून राहिले. कुकर घ्यायला गेले ते पिशवीत घरची तुरीची डाळ घेऊन. चपला पायात घालून स्टेशनपर्यंत चालून आले आणि मगच भाव विचारला. दुकानातला माणूस बिचारा तेवढा वेळ त्यांच्या मागे मागे चालत होता. परभणीच्या बाजारात ते लांबून येताना दिसले की काही दुकानदारांना नेमकं आतल्या खोलीत काम निघायचं.

ही खोड वडिलांकडून आलेली. वडील पेडगावचे शेतकरी आणि बैलांचे नामी पारखी. "उभा बैल बगून कवाच घेऊ नाई, सर," काका मला सांगायचे. "गाडीची चाकं बांधून टाकायची आन् मंग जुंपायचा. तवा कळतंय आंगात काय हाय ते."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर बायकोसोबत भाड्यानं राहायचो आणि एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो. त्यामुळे मी 'सर', ते 'काका' आणि त्यांच्या सौभाग्यवती 'काकू'. भाडं वेळेवर दिलं काय, नाही दिलं काय, काका त्यावर बोलत नसत. मात्र गच्चीवर कपडे वाळत घालताना चिमटे वाकडे लावले तर खालून हाक यायची. सरळ रेषेचं त्यांना वेड होतं. त्याचं कारण त्यांचा धंदा.

काका लग्नाचं शूटिंग करायचे. जिंतूरपासून सेलूपर्यंत कुठल्याही गावात मांडव पडला की खांद्यावर तो अवजड कॅमेरा घेऊन काका एसटीनं हजर. त्यांच्या कॅसेटची एक खूण होती: चित्र सुरू व्हायच्या आधी त्यांचा आवाज यायचा, "ओ पाव्हणं, मदातून सरका!" निम्म्या जिल्ह्याच्या संसाराची सुरुवात या वाक्यानं झाली आहे. आणि दुसरी खूण म्हणजे चित्र हलायचं नाही. कॅमेऱ्याचं स्टँड ते बाळगतच नसत. "ज्याचा हात हालतो त्यानं स्टँड घ्यावं," असं म्हणून काठोकाठ भरलेला चहाचा कप हात लांब करून धरायचे आणि समोरच्याला नजर लावून बघायला सांगायचे. थेंब सांडायचा नाही. पाहुण्यांचा चहा मात्र तेवढ्यात निवायचा, आणि काकू स्वयंपाकघरातून "आवं, पिऊ द्या की त्यांना!" म्हणून ओरडायच्या.

पुढं मांडवांवर ड्रोन घिरट्या घालायला लागले आणि काकांनी धंदा आवरला. कॅसेटींना बुरशी धरायला लागली होती. त्यांनी एकेक कॅसेट पुसून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, आणि तेवढ्यावर समाधान न मानता प्रत्येक लग्न ताणून मोठ्या टीव्हीच्या आकाराचं, फोर-के केलं. मी म्हणालो, काका, त्यानं चित्र सुधारत नाही, नुसती फाइल फुगते. तर म्हणाले, "आसू द्या. लगन मोटंच दिसाया पायजे."

एका सकाळी मी दात घासत असताना ते जिना चढून आले आणि दारातूनच म्हणाले, "सर, प्रोसेसर कोन्ता घ्यावा?"

तोंडातला फेस आवरून मी विषय समजून घेतला. फोनवर बघून बघून त्यांनी योजना आखली होती. घरी एक मशीन ठेवायची, तिच्यात सगळी लग्नं. ज्याचं लग्न त्याला नाव आणि पासवर्ड. त्यानं आपल्या घरी बसून फोनवर नाहीतर टीव्हीवर लग्न बघायचं. ती फुगवलेली फाइल साध्या फोनला झेपणार नव्हती, म्हणून समोरची माणसं बघत असतानाच ती प्रत्येकाच्या फोनला मानवेल अशी बदलून द्यायची. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि सगळा भार पडतो तो प्रोसेसरवर. काकांनी हे माझ्यापेक्षा सोपं करून टाकलं होतं. "पंगत हाय, सर. जेवन येकच. पर म्हातारीला दात न्हाईत, तिला भाकर कुस्करून द्यायची. लेकराला दुदात. जवायाला तूप लावून. ह्ये समदं वाढता वाढता करनारा मानूस पायजे."

मी विचारलं, फाइल एकदाच लहान करून सगळ्यांना का पाठवून देत नाही? तर त्यांना राग आला. लग्न काय असं पाठवून द्यायची गोष्ट आहे? आणि मूळ चित्राला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

मग मी माझ्या मास्तरी थाटात हिशेब मांडला. एका वेळी दोन माणसं बघतील असं धरू. साधा, लहान, नव्या पिढीचा प्रोसेसर घ्या, ज्याच्या पोटातच ग्राफिक्स असतं. त्या ग्राफिक्समध्ये व्हिडिओ बदलण्यासाठी वेगळा भाग असतो, तो हे काम हसत हसत करतो.

काका माझ्याकडं कीव आल्यासारखं बघत राहिले. "दोन? लगन हाय ते, सर. येकटं कोन बगतंय? आत्या बगायली म्हनल्यावर मावशी बगनार, ती बगायली की नांदेडची बगनार. समदे येकदमच बगत्यात आन् फोनवर भांडत्यात, ह्यो कोन, त्यो कोन. वऱ्हाड हाय." त्यात ते शंभर टक्के बरोबर होते, हे मला पुढं मान्य करावं लागलं. चुकले ते दुसरीकडं.

पोटातलं ग्राफिक्स त्यांना मुळीच पटलं नाही. प्रोसेसरसोबत फुकट येतं, वेगळी जागा नाही, वेगळं वजन नाही. "म्हंजी घरजावई," काकांनी निकाल दिला. "सासऱ्याच्या घरात बसून खानार. त्येच्याकून काय काम व्हायचंय?"

आम्ही दुकानं पालथी घातली. शेवटी एका भल्या दुकानदारानं दोन मशीन शेजारी शेजारी लावून दिल्या. एकीत माझा लहान प्रोसेसर, दुसरीत भरपूर कोरचा, म्हणजे एकदम पुष्कळ हातांनी काम करणारा, दांडगा प्रोसेसर, ज्याच्या पोटात ग्राफिक्स नव्हतंच. काकांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात जिंतूरच्या एका व्यापाऱ्याच्या पोरीचं लग्न होतं. ते दोन्हीकडं एकाच वेळी बदलायला लावलं आणि स्वतः खुर्ची ओढून समोर बसले. दुकानदारानं जेवणाचा डबा उघडला, तोही काकांनी त्याच्यासोबत खाल्ला. दांडगा प्रोसेसर नवरीची हळद उरकून मांडवात पोचला तरी लहानगा अजून हळदीतच घोटाळत होता.

मी जीव तोडून सांगितलं की काका, यात त्याचा आतला भाग चालूच केलेला नाही, सेटिंगमध्ये टिकमार्क करावी लागते. दुकानदाराला ती टिकमार्क सापडेना, आणि काका तर उठलेच होते. "सांगितल्याबिगर काम करत न्हाई म्हनता, म्हंजी घरजावईच की!" त्यांनी दांडगा उचलला. टीव्हीवर निदान चित्र तरी उमटावं म्हणून भंगारातलं एक जुनं कार्ड सोबत घ्यावं लागलं, त्याचंही त्यांना वाईट वाटलं नाही.

मला त्यांचा रागच आला होता. एवढं विचारायचं, आणि ऐकायचं काडीचंही नाही. घरी आल्यावर मी काकूंजवळ तसं बोलूनही दाखवलं. काकू मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "सर, त्यायला राग येऊ देऊ नका. त्यायचं समदं ध्यान वालूरकडं हाय." आणि मग त्यांनी मला अक्कांचं सांगितलं.

अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, सेलू तालुक्यातल्या वालूरला दिलेली. आई लवकर गेल्यामुळं काकांना वाढवलं ते तिनंच. तिच्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नात काका सख्खे मामा. नवरीला मांडवात आणायचं मामानं, आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानं. पण शूटिंगलाही काकाच होते. लाउडस्पीकरवर भटजींनी पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. काका कॅमेरा लावून समोर उभे. दुसऱ्यांदा पुकारलं. काकांनी नुसता हात हलवला, की आणा कुणीतरी, मी इथून घेतो. भाचीच्या लग्नाचं शूटिंग दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं, हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. शेवटी एका चुलतभावानं मुलीला आणलं आणि तोच तिच्या मागं उभा राहिला. सगळं वऱ्हाड बघत होतं.

"वन्सं येवढंच म्हनल्या," काकू म्हणाल्या, "मला मामा पायजे व्हता, शूटिंगवाला न्हाई. तवापासून बोलनं बंद."

कॅसेट दिली होती, ती खणात गुंडाळून परत आली. काका दर भाऊबीजेला सकाळच्या एसटीनं वालूरला जायचे, स्टँडसमोर एक चहा प्यायचे आणि त्याच गाडीनं परत यायचे. विचारलं तर सांगायचे, रस्ता कसा झालाय ते बघून आलो. भाचीचं मात्र मामाशी सूत होतं, ती फोन करायची. या दिवाळीला ती माहेरी आली की आईला ते लग्न दाखवणार होती. सगळी मशीन, सगळा खटाटोप, सगळ्या दुकानदारांचा छळ त्यासाठी होता. हे ऐकून माझा राग कुठल्या कुठं गेला, पण तो दांडगा प्रोसेसर काही मला भरवशाचा वाटत नव्हता.

दिवाळीत बायको माहेरी गेली आणि मी पेपर तपासायला मागं राहिलो. पाडव्याच्या संध्याकाळी काकांनी मशीन चालू केली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि वालूरला कळवलं. काका म्हणाले होते तसंच झालं. वालूरची मंडळी टीव्हीसमोर बसली, तोवर भाचीनं नांदेडच्या नणंदेला कळवलं, तिनं पुण्याच्या जावेला, तिनं आणखी कुणाला. बघता बघता सगळं वऱ्हाड गोळा झालं. दांडग्या प्रोसेसरनं पहिल्या दोघांना नीट वाढलं. तिसऱ्याला वाढताना त्याला धाप लागली. पुढं मशीनचा पंखा असा घोंघावायला लागला की काकू हातातलं लाटणं घेऊन बाहेर आल्या.

दुकानात काकांनी त्याला एकाच लग्नाला जुंपून पाहिलं होतं. वऱ्हाड येणार हे त्यांना सगळ्यांआधी ठाऊक होतं, पण दुकानातल्या पंगतीत एकच पान होतं.

फोन वाजला. काका फोन नेहमी स्पीकरवर टाकत, दोन्ही हात मोकळे पाहिजेत म्हणून. भाची होती. "मामा, चित्र थांबलंय."

"कुटं थांबलं?"

"भटजी पुकारायलेत तिथं. मुलीच्या मामांनी यावं, तिथंच गोल गोल फिरायलंय." मग हळूच म्हणाली, "आई उठून गेली, मामा. म्हणाली, तवाबी आला न्हाई, आताबी येईना."

काकांनी फोन ठेवला. मशीनचं बटण दाबून ती बंद केली. काकूंनी ताटं वाढली तर म्हणाले, भूक न्हाई. त्या माणसाला मी जेवणाला नाही म्हणताना पहिल्यांदाच बघितलं, आणि खरं सांगतो, मला गलबलून आलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळच्या एसटीची वेळ होऊन गेली तरी काका खालीच होते. मग जिन्यावर पावलं वाजली. दारात काका, आंघोळ करून, टोपी घालून, आणि दोन्ही हातांत मशीनमधून काढलेली, सगळ्या लग्नांची हार्ड डिस्क.

"सर, तुमच्या मशीनीत घरजावई हाय ना?"

"आहे."

"उठवा त्याला."

माझा कॉम्प्युटर म्हणजे अगदी साधा, मार्क भरण्यापुरता घेतलेला. पण प्रोसेसर नवा होता आणि पोटात ग्राफिक्स होतं. पेपरांचे गठ्ठे पलंगावर ढकलले, डिस्क जोडली, लग्नं बदलून वाढायचं सॉफ्टवेअर टाकलं आणि सेटिंगमध्ये जाऊन ती टिकमार्क केली. काकांनी वाकून, चष्मा पुसून ती टिकमार्क नीट बघितली. "येवढंच?" म्हणाले. मी म्हणालो, एवढंच. त्यांनी कपाळावर हात मारला आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले.

या वेळी मात्र आम्ही नीट दमवून पाहायचं ठरवलं. माझा फोन, काकांचा फोन, काकूंचा फोन, खालचा टीव्ही, शेजारच्या घरातला टीव्ही आणि त्या घरातल्या सुनेचा फोन, सगळीकडं तेच लग्न लावलं. घरजावयाच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. पंखासुद्धा ऐकू येईना, म्हणून काकांनी मशीनला हात लावून ती चालू आहे का ते बघितलं.

ते लग्न मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "ओ पाव्हणं, मदातून सरका!" झालं. हळद झाली. पुकारा झाला. चुलतभाऊ नवरीला घेऊन आला, तिच्यामागं उभा राहिला. अंतरपाट धरलेला. नवरी खाली मान घालून उभी असते, ही मात्र सरळ समोर, कॅमेऱ्याकडं बघत होती. सगळी मंगलाष्टकं संपेपर्यंत तिनं नजर काढली नाही. आणि शेवटच्या मंगलाष्टकाला चित्र थरथरायला लागलं. आधी थोडं, मग इतकं की अक्षता पडल्या त्या कुणाच्या डोक्यावर पडल्या ते कळेना, हार दिसेनात, नुसते पिवळे-तांबडे रंग हलत राहिले.

मी काकांकडं बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. "केबल ढिली आसंल," म्हणाले. मी केबल उगाच दाबून बसवली.

दुपारी भाचीनं आईला पुन्हा टीव्हीसमोर कसं बसवलं ते तिलाच माहीत. आम्हाला एवढंच दिसत होतं की मशीनवर वालूरचं नाव आलं, मग नांदेड, मग पुणं, मग बाकीचे. काका माझ्या पलंगावर पेपरांच्या गठ्ठ्यांमध्ये हातावर हात ठेवून बसले होते. काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर. पुकाऱ्याची जागा आली. चित्र थांबलं नाही, पुढं गेलं. लग्न संपलं, एकेक नाव गळत गेलं. वालूरचं तेवढं राहिलं.

फोन वाजला. भाचीचा नंबर. काकांनी सवयीनं स्पीकरवर टाकला.

"मी बोलायलेय," पलीकडून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला.

काका उभे राहिले. "बोल, अक्का."

"शेवटाला चित्र कामून हालायलंय रं?"

काकांनी मशीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मशीन माझी होती, सगळा दोष तिच्यावर घ्यायला मी तयार होतो. काकांनी घसा खाकरला.

"स्टँड न्हवतं, अक्का."

मग अक्का म्हणाल्या, "तुला कदी लागलं रं स्टँड?"

काकांनी टोपी काढून तिनंच तोंड पुसलं. काकू पायरीवर पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या, आणि मी पेपर तपासत असल्याचं ढोंग करत होतो.

"पाट मांडून ठिवलाय," अक्का म्हणाल्या. "सांजंच्या आत ये. आन् त्यो कॅमेरा घिऊन येशील तर दारातूनच माघारी धाडीन."

मी त्यांना मोटरसायकलवरून एसटी स्टँडवर सोडलं. हातात काकूंनी दिलेली साडीची पिशवी आणि फराळाचा डबा, खांदा मोकळा. त्या मोकळ्या खांद्याचं त्यांना काय करावं ते कळत नव्हतं. सारखे तो वर उचलत होते. गाडी आली, गर्दीत घुसून त्यांनी खिडकीची जागा धरली. गाडी हलली आणि त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. फलाटावर मधे उभ्या असलेल्या माणसांना आधी "ओ पाव्हणं, मदातून सरका!" म्हणून बाजूला केलं, आणि मग मला ओरडून सांगितलं, "सर, मशीन बंद करू नका! अक्का आजून बगायलीय!"

मला त्या आठवड्यात त्याच मशीनवर मार्क भरायचे होते. मी मशीन बंद केली नाही.